बेबीनंदाची सातवी

सातवी पास झालेल्या बाईला निरक्षर करायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मी घड्याळ न बघता सांगू शकतो: अकरा मिनिटं. कारण ते काम मी स्वतः केलेलं आहे. एका रविवारी सकाळी, वाटूरजवळच्या एका वस्तीवर, समाजमंदिराच्या ओट्यावर मांडी घालून, क्लबाच्या पेनानं.

क्लब म्हणजे आमचा मित्रमेळ सेवा क्लब, जालना. मी त्याचा सेक्रेटरी. क्लबाविषयी थोडं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सांगितल्यावर कळेल अशीही हमी देत नाही. मी नऊ वर्षं सभासद आहे, तरी माझं अजून चाचपडणं चालूच आहे.

आमच्याकडे दर एक जुलैला अध्यक्ष बदलतो. जुना अध्यक्ष गळ्यातली बिल्ल्याची साखळी काढून नव्याच्या गळ्यात घालतो, आणि त्या मिनिटापासून नव्याला काहीतरी न भूतो करायचं असतं, तेही तीस जूनच्या आत. एकानं झाडं लावली. दुसऱ्यानं त्या झाडांच्या जागी हात धुवायचे नळ बसवले. तिसऱ्यानं नळांना रंग दिला. या वर्षी साखळी सोमेश्वररावांच्या गळ्यात पडली. सोमेश्वररावांचं मोंढ्यात बियाण्याचं दुकान आहे. त्यांनी साक्षरता घेतली.

"पेरलं की चार महिन्यांत हाताशी आलं पाहिजे," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते कपाशीबद्दल बोलतायत की बायकांबद्दल, हे विचारायचं राहून गेलं.

वरून संच आला. 'वर' म्हणजे जिथून आमचे फॉर्म येतात आणि जिथं आमचे फॉर्म जातात ती जागा. एका खोक्यात दहा पाट्या, दहा पुस्तकं, खडू, गुंडाळीचा फळा आणि एक फॉर्म. फॉर्मवर दहा ओळी. दहा निरक्षर मिळाले तर संच उघडायचा, नाहीतर चिकटपट्टीसकट परत पाठवायचा.

वस्तीवर आम्ही पोचलो तेव्हा नऊ बायका बसलेल्या होत्या. दहाव्या कांताबाई आदल्या दिवशीच लेकीच्या बाळंतपणाला अंबडला गेल्या होत्या.

"एखादी शेजारची बघा की," सोमेश्वरराव म्हणाले.

"शेजारच्या शिकल्यात," बायका जरा ओशाळून म्हणाल्या.

आता ही आनंदाची गोष्ट. एवढ्या वस्तीत दहा निरक्षर सापडू नयेत, याबद्दल खरं तर पेढे वाटायचे. पण सोमेश्वररावांचा चेहरा असा झाला की जणू दुकानातलं वाण ऐन मृगात संपलं.

तेव्हा माझी नजर बेबीनंदावर गेली. ती शिकायला आलेलीच नव्हती. सासूला, गोजरबाईंना, हात धरून घेऊन आली होती, आणि त्यांची चप्पल दुसऱ्या कुणाच्या चपलेत मिसळू नये म्हणून दारात उभी होती. चाळीस-बेचाळीसची, उंच, पदर खोचलेला, ब्लाउजला तीन-चार सुया टोचलेल्या. वस्तीतल्या बायकांचे ब्लाउज हीच शिवते. तिचा नवरा मिथुन वाटूर-जालना जीप चालवतो.

मी म्हणालो, "ताई, तुमचं नाव लिहू का? तात्पुरतं. कांताबाई आल्या की काढून टाकू."

"लिहा की," ती म्हणाली. "पण भाऊ, मला वाचता येतं. मी सातवी पास हाय."

"नुसतं नाव हो. कागदापुरतं."

"कागदापुरतं तर कागदापुरतं. म्हाताऱ्या लांबून आल्यात, खोकं उघडा जल्दी."

फॉर्मवर सहीसाठी जागा नव्हती, कारण सही येणारा माणूस त्या फॉर्मवर असणं अपेक्षितच नव्हतं. अंगठा हवा होता. बेबीनंदानं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि दारावरची बेल दाबावी तसा कागदावर दाबला. नुसता डाग उठला.

गोजरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बेबी, दाबू नको. लोळव. डाव्या अंगानं उजवीकडं लोळव. एवढं बी येईना व्हय तुला?"

"मला कुठं सवय हाय, आत्याबाई?"

"आण इकडं." आणि सासूनं सुनेचा अंगठा धरून तो कागदावर नीट लोळवून दिला. त्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी कुणाला काही शिकवलं असेल तर ते हेच. अकरा मिनिटं झाली होती. सोमेश्वररावांनी स्वतः चिकटपट्टी फाडली.

आता ही सातवी काय चीज होती, ते मला तेव्हा ठाऊक असतं तर माझा हात कचरला असता. ते मला नंतर कळलं, थोडं थोडं, तिच्या शिवणाच्या मशीनशेजारी बसून.

बेबीनंदाचे वडील भिवा अंकुशनगरला कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. मग पोरगीही जायची. पाचवी आणि सहावी तिनं अर्धी इकडं, अर्धी तिकडं केली. इकडच्या गुरुजींना वाटे ती तिकडं शिकतेय, तिकडच्या बाईंना वाटे इकडं. "दोघंबी निवांत होते," बेबीनंदा सांगते, "अभ्यासाचं टेन्शन मला एकटीलाच." भूगोलाचं एकच प्रकरण तिनं चार वेळा ऐकलं आणि अपूर्णांक एकदाही नाही. मग घनसावंगीची मावशी, नंदाबाई, चिडून तिला आपल्या घरी घेऊन गेली. म्हणाली, एक वर्ष मी हिला हलू देणार नाही. आणि हलू दिलं नाही. सातवी झाली, पंचावन्न टक्के. पुढं आठवीची शाळा लांब होती आणि लग्न जवळ होतं.

तर असं तीन गावांतून गोळा केलेलं ते शिक्षण. शाळेचा दाखला अजून पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत आहे. वस्तीतला कुठलाही कागद आधी बेबीनंदाच्या दारात येतो: विजेचं बिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची तारीख. भज्यांना गुंडाळलेला पेपरसुद्धा ती तेल पुसून वाचते, आणि बातमी अर्ध्यावर फाटली असेल तर दुसऱ्या दिवशी मिथुनला त्याच गाड्यावरून पुन्हा भजी आणायला लावते. उरलेली बातमी मिळते की नाही, भजी मिळतात.

वर्ग सुरू झाला. शिकवायला प्रीती होती, आमची सगळ्यात तरुण सभासद. शहरात तिचा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरगी मनापासून करणारी, पण दर रविवारी क्लबाचं दुसरं काहीतरी निघायचं. रक्तगट तपासणी, कुणाचा सत्कार, सत्काराची तयारी, सत्काराबद्दल आभार. सोळा रविवारांपैकी पाच रविवार ती वस्तीवर पोचली. तरी बायका शिकत होत्या. दर वेळी प्रीती जायची आणि बघायची तर धडा पुढे गेलेला असायचा. तिनं मला दोनदा फोन केला, "सर, मी 'म' शिकवला नव्हता, तरी त्यांना 'म' येतोय. मी विसरले का?" मी म्हणालो, विसरली असशील. मलाही क्लबात आल्यापासून तसं होतं.

दोन महिन्यांनी कांताबाई नातू बघून परत आल्या. बेबीनंदानं मला लगेच फोन केला. "भाऊ, आल्या त्या. काढा माझं नाव."

मी सोमेश्वररावांना सांगितलं. ते म्हणाले, "फॉर्म वर गेला." वर गेलेला फॉर्म खाली आणायचा तर त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, आणि तो वरूनच यावा लागतो. मी बेबीनंदाला म्हणालो, "थोडं थांबा." माझ्या नोकरीच्या आयुष्यात मी हेच वाक्य सर्वांत जास्त वापरलं, आणि त्यानं कधी कुणाचं भलं झाल्याचं आठवत नाही.

दिवाळीला परीक्षा झाली. दहाही पास. बेबीनंदाला शंभरपैकी शंभर. सोमेश्वरराव इतके खूश झाले की त्यांनी कुणाला न विचारता वाटूर फाट्यावर दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावला. वर त्यांचा स्वतःचा फोटो, त्याखाली दहा बायकांचे, आणि मोठ्या अक्षरांत: 'काल अंगठा, आज सही! दहा नवसाक्षर भगिनींचे हार्दिक अभिनंदन.' बेबीनंदाचा फोटो बरोबर मध्यभागी, कारण ती उंच.

तिसऱ्या दिवशी माझा फोन वाजला.

"भाऊ, तुम्ही फाट्यावर माझा फोटो लावला व्हय?"

"चांगला आलाय ना?"

"फोटो चांगला हाय. मावशी जीपमधून परतूरला चालल्ती. तिनं जीप थांबवून खाली उतरून वाचलं. मला फोन करून काय म्हणली माहीत हाय? म्हणली, बाई, मी वरीसभर तुला घरात ठेवून घेतलं, पहाटे उठवून कविता पाठ करून घेतल्या, ते काय पाण्यात गेलं? तू कालपर्यंत अंगठा लावत होतीस?" मग म्हणाली, "आमच्या आबानं, माझ्या बापानं बी ऐकलं. नुसतं म्हणले, दाखला हाय ना पेटीत? बघ जरा. मी पेटी उघडून बघितला, भाऊ. हाय दाखला. पण मला बी क्षणभर वाटलं, नसला तर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती म्हणाली, "मला दुसरं काय नको. तुमची पाटी घ्या, पुस्तक घ्या. माझी सातवी तेवढी परत द्या."

मी तातडीनं सोमेश्वररावांकडे गेलो. तर त्यांच्या हातात पत्र. जानेवारीत प्रांतपाल येणार! प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या साठ क्लबांचे मुख्य. वर्षातून एकदा येतात, हार घालून घेतात, आणि कोणता क्लब ढालीला लायक ते ठरवतात. पत्रात लिहिलं होतं की एका भगिनीचं वाचन ऐकायची त्यांची इच्छा आहे.

"प्रीती म्हणते बेबीनंदा सगळ्यांत छान वाचते," सोमेश्वरराव म्हणाले.

"वाचणारच! ती सातवी पास आहे."

"मग चांगलंच की." मग ते जरा थांबले. "नाही, चांगलं नाही." मग आणखी थांबले. "म्हणजे वाचू दे, पण बेतानं. आणि तिला सांगा, प्रांतपाल गेले की दुसऱ्या दिवशी नाव काढतो. शब्द माझा."

बेबीनंदानं तो शब्द घेतला. "एकदाच," ती म्हणाली.

मग तालीम झाली. मी आयुष्यात बऱ्याच तालमी पाहिल्या, पण चांगलं वाचणारीला वाईट वाचायला शिकवणं ही पहिलीच. गोजरबाई त्या दिवशी कापूस वेचायला गेल्या होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रीती लाजत म्हणाली, "ताई, जरा अडखळा ना."

बेबीनंदानं वाचलं, "कमल नमन कर."

"अजून थोडं."

"कमल... नमन कर."

"तोडून. एकेक अक्षर. बोट ठेवून."

"आत्याबाई वाचतात तसं?" तिनं विचारलं आणि गोजरबाईंसारखे डोळे बारीक करून, मान वाकडी करून, "क... म... थांब गं... ल!" असं वाचलं, की प्रीतीला हसू आवरेना. मीही हसलो. बेबीनंदा हसली नाही. पुस्तक मिटून म्हणाली, "मावशीनं मला अडखळू नको म्हणून छडी मारल्ती."

जानेवारीतला तो दिवस उजाडला. समाजमंदिरात सतरंजी घातली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना हार घातले. सोमेश्वरराव साखळी घालून, प्रांतपाल त्याहून मोठी साखळी घालून. मी सूत्रसंचालन करत होतो. वस्ती सगळी लोटली होती, कांताबाईही मागं खांबाला टेकून बसल्या होत्या. प्रांतपाल माणूस सज्जन दिसला. त्यांनी स्वतः पुस्तक उघडून बेबीनंदाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा ताई. घाबरू नका."

बेबीनंदानं बोट ठेवलं. "ग... गं... गंगा..."

"ए बेबी!" पुढच्या रांगेतून गोजरबाई ओरडल्या. "काय झालं गं तुला? घसा बसला का? घरी तर फडाफडा वाचतीस!"

"आत्याबाई, गप बसा."

"कशाला गप? साहेब, हिला चक्कर आली असंल. सकाळपसून चहावर हाय. एरवी ही अख्खा पेपर वाचती."

प्रांतपालांनी कौतुकानं भुवया उंचावल्या. "पेपर वाचता? कितवीपर्यंतचं वाचता येतं तुम्हाला?"

बेबीनंदानं माझ्याकडे बघितलं. मी सूत्रसंचालनाच्या कागदाकडे बघितलं. त्यावर याचं उत्तर नव्हतं.

"सातवीपर्यंत," ती म्हणाली.

"चार महिन्यांत सातवी!" प्रांतपाल उभेच राहिले. सोमेश्वररावांकडे वळून त्यांचा हात हातात घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वस्तीसुद्धा टाळ्या वाजवू लागली, ज्यांना तिची सातवी लग्नात मिरवून आणलेली आठवत होती तेसुद्धा. सोमेश्वररावांना नकार द्यायचा होता की नाही मला माहीत नाही, पण हात सुटेना. कुणीतरी ढाल आणायला पळालं.

"न्हाई साहेब," बेबीनंदा म्हणाली. टाळ्यांत ऐकू गेलं नाही. मग तिनं सोमेश्वररावांच्या टेबलावरची क्लबाची घंटा उचलली आणि दणकन वाजवली. आमच्या क्लबात ती घंटा अध्यक्षाशिवाय कुणी वाजवलेली नाही. सगळे गप्प.

"मी आधीच सातवी पास हाय."

"आधी म्हणजे?" प्रांतपाल म्हणाले.

"आधी म्हणजे लग्नाच्या आधी. मंग लग्न झालं. मंग लेकरं झाली. मंग औंदा मी निरक्षर झाले."

"निरक्षर कशानं झालात?"

"तुमच्या क्लबानं केलं."

प्रांतपाल खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता तो माझ्या इतक्या ओळखीचा होता की मला ते एकदम घरचे वाटले. मी माईक बाजूला ठेवला आणि दहा ओळी, नऊ बायका, चिकटपट्टी, अंबडचं बाळंतपण हे सगळं सांगून टाकलं. सांगताना मलाच ते पटेना.

"म्हणजे," त्यांनी बोटं मोजली, "साक्षर झाल्या नऊ. बरं. त्या नऊ तरी खऱ्या ना? त्यांना कुणी शिकवलं?"

प्रीती उभी राहिली. कान लाल झाले होते. "सर, मी पाचच रविवार आले. मी 'म' शिकवलाच नव्हता."

"मंग कोण शिकवणार?" गोजरबाई म्हणाल्या. "हीच. दुपारच्याला मशीन चालवत चालवत. पाय मशीनवर अन् डोळा आमच्या पाटीवर. चुकलं की मापाच्या टेपानं मारती. सासू म्हणून बी सोडत न्हाई."

प्रांतपालांनी पुन्हा बोटं मोजली. मग म्हणाले, "निरक्षर क्रमांक दहानं बाकीच्या नऊ जणींना शिकवलं." हे वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहिलं. तरी ते सरळ होईना. "याला कोणता फॉर्म आहे, सेक्रेटरी?"

"नाही सर."

"मग ताई, तुम्हीच सांगा काय करायचं."

बेबीनंदाचं ठरलेलंच होतं. "माझं नाव खोडा. त्या जागी कांताबाईचं लिहा. त्यांचीच जागा हाय ती."

कांताबाई खांबामागून म्हणाल्या, "मी कशाला? मला कुठं काय येतंय?"

"म्हणूनच!" सगळी वस्ती एकसुरात ओरडली.

प्रांतपालांनी सोबत आणलेल्या फाइलीतून आमचा वर गेलेला फॉर्म काढला, स्वतःच्या पेनानं नाव खोडलं आणि शेजारी सही केली. ढाल आली तशी परत पिशवीत गेली. सोमेश्वरराव तिच्याकडे बघत होते. मला वाटलं रागावतील. ते साखळी सावरत म्हणाले, "तीस जूनच्या आत कांताबाई होतील का हो, ताई?"

"होतील की. पण मापाचा एक टेप आणून द्या चांगला. माझा तुटलाय."

प्रश्न राहिला फाट्यावरच्या फ्लेक्सचा. नवा छापायला सोमेश्वरराव तयार होते, पण बेबीनंदा म्हणाली, उगं खर्चा कशाला, चिकटवा. मग तिच्या फोटोवर कांताबाईंचा फोटो चिकटवला. म्हणजे ज्या बाईला अजून 'क' नीट येत नाही, ती आज वाटूर फाट्यावर 'काल अंगठा, आज सही' म्हणून उभी आहे, आणि येणारे-जाणारे कांताबाईंचं अभिनंदन करतात. कांताबाई आधी म्हणायच्या, अजून न्हाई. आता नुसती मान हलवतात. दुपारी मात्र पाटी घेऊन मशीनशेजारी वेळेवर हजर असतात, कारण आता इभ्रतीचा प्रश्न आहे.

सगळ्यांत खाली एक पट्टी मोकळी होती. ती बेबीनंदानं कुणाला लिहू दिली नाही. मिथुननं जीप फ्लेक्सला भिडवून उभी केली, ही टपावर चढली आणि काळ्या रंगानं स्वतः लिहिलं: 'वर्ग चालवणार: बेबीनंदा. शिक्षण: सातवी पास, घनसावंगी.' एकही अक्षर हललं नाही. खाली उतरून ती चार पावलं मागं गेली, बोट न ठेवता एका दमात वाचलं आणि मला म्हणाली, "आता तुम्ही वाचा, भाऊ." मी वाचलं. "अजून एकदा." मी अजून एकदा वाचलं.

आठ दिवसांनी नंदामावशी मुद्दाम वाकडी वाट करून फाट्यावर आल्या. मी योगायोगानं तिथं होतो. त्यांनी चष्मा पुसून पट्टी वाचली, खालूनच घनसावंगीकडे बोट करून पुन्हा वाचली, आणि तिथूनच भाचीला फोन लावला.

"हां, आता बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण बेबी, मला एक सांग. मधी तू निरक्षर झाल्तीस कशी?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडं मशीनचा खडखडाट थांबला.

"मला बी न्हाई कळलं, मावशी," बेबीनंदा म्हणाली. "तिथं सेक्रेटरी भाऊ असतील, त्यांना इचार."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "थोडं थांबा."